रोजच्या वापरातल्या गाड्यांना ड्रॅग स्ट्रिप बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भर रस्त्यात शर्यत लावणाऱ्या दोन मोटरसायकलस्वारांमुळे एका पादचाऱ्याचा जीव गेला. त्या बातमीवरून आपल्या पत्रांच्या सदरात जी चर्चा चालू आहे, ती मी पहिल्या पत्रापासून वाचते आहे. गेलेल्या माणसाच्या घरच्यांचे दुःख कुठल्याही युक्तिवादाने हलके होणार नाही. त्या दोघांना कायद्याने जी शिक्षा व्हायची ती व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण नंतर चर्चेचा सगळा रोख वळला तो ड्रॅग स्ट्रिपकडे, म्हणजे सरळ पट्टीवर दोन-दोन वाहनांची शर्यत जिथे लावतात त्या जागेकडे. व्यावसायिक शर्यती हव्या तर होऊ द्या, पण ऑफिसला जायच्या गाड्या आणि मोटरसायकली तिथे आणायला बंदी घाला, कारण वेगाची चटक तिथेच लागते, अशी मागणी एका वाचकाने केली आणि पुढच्या काही पत्रांनी तिला दुजोरा दिला. ही मागणी मान्य झाली तर रस्त्यावरच्या शर्यती कमी होणार नाहीत, उलट वाढतील, असे माझे ठाम मत आहे. पत्र लांबेल, पण हा विषय दोन ओळींत सांगण्यासारखा नाही.

माझी नोकरी मापन-उपकरणांच्या तपासणीची आहे. वजनकाटे, दाबमापक, तापमापक खरे आकडे दाखवतात की नाही, हे बघायचे आणि तसा दाखला द्यायचा. सुट्टीच्या दिवशी मी ड्रॅग स्ट्रिपवर असते. कधी टायमिंगच्या केबिनमध्ये बसते, कधी गाड्यांच्या तपासणीला उभी राहते आणि अधूनमधून माझी स्वतःची हॅचबॅक घेऊन स्टार्टिंग लाइनवर जाते. सोमवारी त्याच गाडीने कामावर जाते. म्हणजे ज्यांना बंदी घालावी असे वाचक म्हणतात, त्यांच्यातलीच मी एक आहे.

ज्यांनी स्ट्रिप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी तिथे घडते काय ते सांगते. सरळ, सपाट, दोन लेनची पट्टी. अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा ४०२ मीटर. बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्मे, अष्टमांश मैल. एका वेळी दोनच वाहने. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे गेलेले असतात. पुढचे चाक पहिल्या किरणात आले की प्री-स्टेजचा दिवा लागतो. तिथून सात इंच, म्हणजे जेमतेम वीत-पाऊण वीत पुढे सरकले की दुसरा, स्टेजचा दिवा लागतो. दोन्ही वाहने अशी उभी राहिली की समोरच्या खांबावर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने खाली उतरत येतात आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने हिरवा लागतो. हिरव्याच्या आधी चाक किरणातून बाहेर पडले तर तांबडा लागतो आणि धाव बाद होते.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. इथे घड्याळे दोन असतात. पहिले हिरवा दिवा लागल्यापासून तुमचे चाक हलेपर्यंतचा वेळ मोजते. तो झाला रिअॅक्शन टाइम, आणि तो माणसाचा असतो. दुसरे घड्याळ चाक किरणातून सुटते त्या क्षणी सुरू होते आणि शेवटच्या रेषेवर थांबते. तो वेळ गाडीचा. हिरवा लागल्यावर तुम्ही दहा सेकंद झोप काढली तरी दुसऱ्या घड्याळाला त्याचे काही नाही. त्यामुळे असे घडते: एकीने ०.२५ सेकंदांत गाडी हलवली आणि १८.४२ सेकंदांत अंतर कापले, दुसऱ्याने ०.६१ सेकंदांत हलवली आणि १८.२० सेकंदांत कापले. गाडी दुसऱ्याची वेगवान, पण बेरीज करा. पहिली ०.१४ सेकंद आधी पोचली, म्हणजे त्या वेगाला सुमारे चार मीटर पुढे. हरलेला माणूस केबिनच्या खिडकीशी येऊन "माझा वेळ कमी असताना मी हरलो कसा?" असे विचारतो. त्याला तेव्हा त्याच्याच नावची छापील चिठ्ठी दाखवता येते. रस्त्यावर अशी चिठ्ठी मिळत नाही. तिथे हरलेला म्हणतो की दुसऱ्याने आधी सोडली. मग पुन्हा एकदा होऊन जाऊ दे, मग पुन्हा एकदा.

या चिठ्ठीबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे. तिच्यावर फक्त शेवटचा वेळ नसतो. ६० फुटांवरचा वेळ, ३३० फुटांवरचा, ६६० फुटांवरचा, हजार फुटांवरचा आणि शेवटी १,३२० फुटांवरचा वेळ आणि वेग, असे सगळे आकडे एकाखाली एक असतात. शेवटचा वेग अखेरच्या ६६ फुटांतली सरासरी घेऊन काढतात. हे आकडे ओळीने वाचता आले की गाडीत आणि चालकात काय चालले आहे ते उघडे पडते. पहिल्या ६० फुटांत वेळ गेला असेल तर क्लच सोडण्यात किंवा टायरच्या पकडीत दोष आहे. तिथपर्यंत ठीक आणि पुढे मागे पडत असेल तर गिअर बदलताना किंवा इंजिनात काहीतरी हरवते आहे. सुरुवातीच्या ६० फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात, असा तिथल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

मागच्या हंगामात एक मुलगा दीडशे सीसीची मोटरसायकल घेऊन आला होता. वय विशीच्या आत-बाहेर. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टरचा डबा काढून टाकलेला, आरसे काढलेले. आवाज असा की तपासणीच्या रांगेत शेजारच्याशी बोलता येईना. मित्रांचा घोळका बरोबर, आणि आपल्या भागात या गाडीला कोणी मागे टाकलेले नाही अशी त्यांची सगळ्यांची खात्री. त्याच रांगेत त्याच मॉडेलची दुसरी गाडी होती. तिच्या मागे टिफिन अडकवायचा हूकसुद्धा तसाच होता. मालकाने सर्व्हिसिंगखेरीज तिला कधी हात लावलेला नव्हता. मुलाची पहिली धाव १८.७ सेकंदांची झाली, शेवटचा वेग ताशी १०४ किलोमीटर. हूकवाल्याची १८.४.

मुलगा खिडकीशी आला आणि यंत्र बिघडले आहे का, असे त्याने विचारले. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. ६० फुटांवर दोघे सारखे. ३३० फुटांवर हा मागे. तिथून पुढे प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा आणखी मागे. म्हणजे हात आणि डोळा ठीक होता, दोष इंजिनात होता. हवा वाढली होती पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढले नव्हते आणि एक्झॉस्ट मोकळा केल्याने इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतली ओढ गेली होती. आवाज मात्र वाढला होता, आणि आवाजालाच तो इतके दिवस ताकद समजत होता. तो बराच वेळ चिठ्ठी हातात धरून उभा होता. पुढच्या खेपेला आला तेव्हा फिल्टरचा डबा जागेवर होता, सायलेन्सर मूळचा होता आणि आरसे बसवलेले होते. त्याला कोणी उपदेश केला नव्हता. त्याची गाडी त्या दिवशी १८.४ च्या आत आली, आणि तो आनंद मी जवळून पाहिला आहे.

ज्या वाचकांना वाटते की स्ट्रिपवर वेगाची चटक लागते, त्यांनी ब्रॅकेट शर्यत एकदा समजून घ्यावी. रोजच्या वापरातल्या गाड्यांची मुख्य शर्यत हीच असते. आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापेल, तो आकडा चालकाने आधी जाहीर करायचा आणि काचेवर लिहायचा. समजा माझी हॅचबॅक १८.४० आणि शेजारच्या लेनमधली सहाशे सीसीची मोटरसायकल ११.६०. मग माझा हिरवा दिवा तिच्या ६.८० सेकंद आधी लागतो. दोघांनी आपापला आकडा अचूक गाठला आणि सारख्याच चपळाईने सुटले तर दोघे एकदमच शेवटच्या रेषेवर पोचणार. आता गोम अशी, की जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर तुम्ही बाद. १८.४० सांगून १८.३१ मध्ये आलात तर हरलात. दोघेही आपल्या आकड्याच्या आत आले, तर जो कमी फरकाने आत आला तो जिंकतो.

म्हणजे इथे वेगवान गाडीला बक्षीस नाही. आपल्या गाडीला नेमके ओळखणाऱ्याला आहे. तीच गाडी, तोच गिअर, इंजिनाचे तेच फेरे, धावेमागून धाव दशांशाच्याही आत सारखी काढणे, हे काम फार अवघड आहे आणि ते पैसे ओतून होत नाही. जुन्या कौटुंबिक गाडीने महागड्या मोटरसायकलीला हरवलेले मी अनेकदा पाहिले आहे. दोन मुलांची आई, सीटवरचे चाइल्ड सीट काढून रांगेत येते आणि अंतिम फेरीपर्यंत जाते, हेही पाहिले आहे. ज्या तरुणाला रस्त्यावर "कोण पुढे" एवढेच माहीत असते, त्याला इथे कळते की पुढे असण्यापेक्षा नेमके असणे कठीण आहे. माझ्या मते वेगाच्या नशेवर यासारखा उतारा नाही.

त्यात हवा दिवसभर बदलत असते. तापमान दहा अंशांनी चढले की हवा सुमारे तीन टक्क्यांनी विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते, आणि लागणारा वेळ ताकदीच्या घनमुळाच्या हिशेबाने बदलत असल्यामुळे तो एखाद्या टक्क्याने वाढतो. अठरा सेकंदांच्या गाडीला हा फरक पावणेदोन दशांशांच्या आसपास जातो. सकाळी लिहिलेला आकडा दुपारी चुकतो आणि रात्री गार पडले की पुन्हा चुकतो, पण उलट बाजूला. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेली मुले मोबाइलमध्ये तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब लिहून ठेवताना दिसतात तेव्हा मला मनापासून बरे वाटते. आता विजेवरच्या गाड्याही येऊ लागल्या आहेत. त्यांना हवेच्या घनतेचा त्रास नाही, पण बॅटरी किती भरलेली आणि किती तापलेली यावर त्यांचा वेळ हलतो. त्या आवाज न करता झटक्यात सुटतात. रस्त्यावर अशी गाडी शर्यतीला लागली तर पादचाऱ्याला ती ऐकूही येणार नाही, हा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही म्हणून इथे नोंदवते.

आता तपासणीबद्दल. स्ट्रिपवर पाय ठेवण्याआधी प्रत्येक वाहन तपासणीच्या रांगेतून जाते. चाकाचे सगळे नट आहेत का आणि घट्ट आहेत का, हे हाताने बघतो. बॅटरी धरून हलवतो. ती जागेवरून हलता कामा नये. एका गाडीची बॅटरी घरातल्या वायरिंगच्या वायरने बांधलेली निघाली आणि मालक गेली कित्येक वर्षे त्याच गाडीत कुटुंबाला घेऊन फिरत होता. टायरची झीज, बाजूच्या भेगा, हवा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर पूर्ण परत येतो का. चालकाच्या पायाखालचे मॅट बाहेर काढायला लावतो, कारण ते सरकून पेडलखाली अडकतात. व्हील कॅप काढायच्या, डिकी रिकामी करायची, डॅशबोर्डवरचे सगळे उचलायचे. एसी बंद ठेवायचा, कारण त्याचे पाणी स्टार्टिंग लाइनवर ठिबकले तर मागच्या माणसाचे चाक घसरते. रेडिएटरचे उतू जाणारे पाणी पकडायला डबा हवा. नक्षीचे टायर असलेल्या गाड्यांना बर्नआउटच्या, म्हणजे टायर तापवायला चाके जागीच फिरवतात तिथल्या, पाण्यातून जाऊ देत नाही, बाजूने वळसा घ्यायला लावतो, कारण खाचांतून पाणी थेट रेषेपर्यंत येते. मोटरसायकलस्वाराला पूर्ण हेल्मेट, चामड्याचे जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. साखळीची ढील आणि तिच्यावरचे कव्हर बघतो. मनगटाला बांधायची दोरी बघतो. स्वार पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद होते.

हेल्मेटचा नियम गाड्यांनाही आहे. अमेरिकेतल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, म्हणजे एनएचआरएच्या नियमांनुसार पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीच्या चालकाला हेल्मेट सक्तीचे आहे. आम्ही ते सगळ्यांनाच घालायला लावतो. या तपासणीत नापास होऊन परत गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्या परत जातात त्या रस्त्यानेच, पण निदान काय दुरुस्त करायचे हे मालकाला कळलेले असते.

रस्ता आणि स्ट्रिप यांतला सर्वांत मोठा फरक मात्र शेवटच्या रेषेच्या पुढे आहे. थांबायला किती जागा लागते, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. रस्ता कोरडा, टायर उत्तम आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर ताशी ६० किलोमीटरला सुमारे ३५ मीटर लागतात. १२० ला शंभराहून जास्त. १६० ला १७० च्या आसपास, आणि दोनशेला अडीचशे मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक तेच असतात. म्हणून चांगल्या स्ट्रिपवर शर्यतीच्या अंतरापेक्षा थांबण्याची जागा लांब ठेवतात. तिच्या शेवटी वाळू किंवा खडीचा पट्टा आणि जाळी असते. बाजूला अखंड भिंत किंवा कठडा. प्रेक्षक त्याच्या मागे, आणि सुरुवातीच्या रेषेच्या जवळपास, कारण शेवटाकडे वेग सर्वाधिक असतो. शिवाय रुग्णवाहिका आणि आग विझवणारी माणसे जागेवर आल्याशिवाय पहिली धाव सुटत नाही.

याच कारणासाठी आपल्या सदरातल्या दुसऱ्या एका सूचनेलाही माझा तितकाच विरोध आहे. सुट्टीच्या दिवशी एखादा रुंद रस्ता बंद करून तिथे मुलांना हौस भागवू द्यावी, असे एका वाचकाने सुचवले आहे. हेतू चांगला आहे, पण कृपया असे करू नका. रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो, पाणी वाहून जावे म्हणून. जोरात सुटणारी गाडी त्या उताराने कडेला ओढली जाते. मॅनहोलची झाकणे, पुलाचे सांधे, रंगवलेले पट्टे, यांवर चाकाची पकड क्षणभर सुटते. डांबरावर सांडलेले डिझेल डोळ्यांना दिसत नाही. कडेला विजेचे खांब आणि झाडे. प्लास्टिकचे शंकू कोणालाही अडवत नाहीत. प्रेक्षक मोबाइल वर करून रेषेच्या आत सरकत येतात. एकदा अशाच एका कार्यक्रमाला मला घड्याळ लावायला बोलावले होते. शेवटच्या रेषेच्या पुढची जागा मोजू या म्हटले तर आयोजकांनी ती पावलांनी मोजून दाखवली. मी यंत्र गाडीत परत ठेवले आणि घरी आले.

हा सगळा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात तरुण मुले जुन्या गाड्या घरीच सुधारून रस्त्यांवर शर्यती लावू लागली होती. अपघात होत होते, वर्तमानपत्रांत संताप होता, बंदीची मागणी होती. आपल्या सदरातली पत्रे वाचताना मला त्याची आठवण येते. १९५० साली सांता ॲना इथे विमानतळाच्या धावपट्टीच्या एका भागावर सी. जे. हार्ट यांनी व्यावसायिक तत्त्वावर चालणारी पहिली ड्रॅग स्ट्रिप सुरू केली. कोणीही यावे, तपासणी करून घ्यावी आणि धावावे. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली. १९५३ मध्ये तिची पहिली अधिकृत शर्यत पोमोना इथल्या जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर झाली, आणि ती घडवून आणण्यात तिथल्या पोलिसांचा हात होता. त्याच पोलीस दलातले बड कून्स १९५४ मध्ये संस्थेच्या एका छोट्या पथकाचे प्रमुख झाले. गाडीमागे ट्रेलर जोडून, घड्याळ आणि साहित्य घेऊन हे पथक गावोगाव फिरले आणि तिथल्या क्लबांना सुरक्षित शर्यत कशी भरवायची ते शिकवत गेले. ज्यांचे काम मुलांना पकडायचे, त्यांनीच त्यांना जागा मिळवून दिली. दिव्यांचा खांब आला १९६३ मध्ये. तोवर एक माणूस झेंडा घेऊन रेषेवर उभा राहत असे.

इंग्लंडमध्ये १९६६ साली जुन्या लष्करी विमानतळाच्या धावपट्टीवर सांता पॉड ही स्ट्रिप सुरू झाली. तिथे आजही ठरलेल्या दिवशी कोणीही आपली रोजची गाडी घेऊन जाऊ शकते. अमेरिकेत काही ठिकाणी पोलीस स्वतः गस्तीच्या गाड्या स्ट्रिपवर आणून तरुणांशी शर्यत लावतात आणि त्या निमित्ताने बोलतात.

आणि याच्या उलट चित्रही आहे. शहरे वाढली, जमिनीला मागणी आली, आवाजाच्या तक्रारी आल्या. अटलांटा ड्रॅगवे २०२१ मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये ह्यूस्टनची स्ट्रिप गेली आणि त्याच वर्षी डेन्व्हरजवळची बँडिमियर, जी १९५८ पासून चालू होती. मोठ्या संघांना त्याने फरक पडत नाही. ते ट्रकमध्ये गाडी घालून पुढच्या राज्यात जातात. ज्याची शर्यतीची गाडी आणि कामावर जायची गाडी एकच आहे, त्याचाच रस्ता बंद होतो. म्हणूनच "व्यावसायिक चालू द्या, हौशी बंद करा" या सूचनेने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. व्यावसायिक शर्यतपटू रस्त्यावर शर्यत लावत नाही. लावतो तो हौशी मुलगा, आणि आपण दार लावणार ते नेमके त्याच्याच तोंडावर.

स्ट्रिप पूर्ण सुरक्षित आहे, असे मी म्हणणार नाही. २००८ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या इंग्लिशटाउन इथे स्कॉट कॅलिटा यांच्यासारखा अनुभवी व्यावसायिक चालक इंजिनाच्या स्फोटानंतर गाडी न थांबल्याने शेवटच्या पट्ट्यापलीकडे जाऊन मरण पावला. त्यानंतर एनएचआरएने सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणले. थांबायला जास्त जागा मिळावी, हाच हेतू. त्यातून आपणही शिकू शकतो. रोजच्या गाड्यांसाठी पाव मैलाऐवजी अष्टमांश मैलच ठेवा, अशी माझी सूचना आहे. शेवटचा वेग साधारण चार-पंचमांशावर येतो, म्हणजे ब्रेकने जिरवायची ऊर्जा एक-तृतीयांशाहून अधिक कमी होते आणि मोकळी झालेली २०१ मीटर जागा थांबण्यासाठी मिळते. ब्रॅकेट शर्यतीची गंमत यात तसूभरही कमी होत नाही, कारण कौशल्य सगळे सुरुवातीच्या ६० फुटांत आणि आकडा ओळखण्यात आहे.

स्ट्रिपवरून बाहेर पडताना फाटकातच चाके फिरवून आवाज करणारे काही जण असतात, हे खरे आहे, आणि शेजारच्या वस्तीतल्या लोकांचा राग रास्त आहे. अशांचा पुढचा प्रवेश बंद करायलाच हवा. आम्ही करतो. याहून पुढे जाऊन, रस्त्यावर शर्यत लावताना जो पकडला जाईल त्याला त्या हंगामात कुठल्याच स्ट्रिपवर घेऊ नये, आणि त्यासाठी पोलिसांनी आम्हाला तशी माहिती द्यावी. रात्रीची वेळ ठरवून पाळावी, मूळ सायलेन्सर काढलेल्या रोजच्या गाड्यांना प्रवेश देऊ नये. ज्या मुलाची हकिगत वर लिहिली त्याने मूळचा सायलेन्सर स्वतःहून परत बसवला, पण सगळे तसे करतील याची वाट शेजाऱ्यांनी का पाहावी?

प्रशासनाला माझी विनंती एवढीच आहे, की हौशी वाहनांच्या रात्रींना परवानगी नाकारण्याआधी आणि देण्याआधीही जागा प्रत्यक्ष मोजावी. शेवटच्या रेषेपासून पहिल्या अडथळ्यापर्यंतचे अंतर, कठड्याची उंची आणि सलगता, प्रेक्षकांची जागा, रुग्णवाहिका आत-बाहेर जायची वाट. जी स्ट्रिप यात बसत नाही ती बंद करा. तिच्यावर व्यावसायिक शर्यतीही होऊ देऊ नका. जी बसते तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ रोजच्या गाड्यांसाठी राखून ठेवा. मोजणीसाठी प्रशासनाकडे माणसे नसतील तर आमच्या टायमिंग केबिनमधली आम्ही चौघे येऊ. दाखला असलेली मोजपट्टी आणि यंत्रे आमची, आकडे लिहून घेणारा माणूस प्रशासनाचा असावा, आणि ते आकडे आपल्या वर्तमानपत्रात छापले जावेत.

कळावे,
आपली नम्र,
एक नियमित वाचक